मस्करीची कुस्करी: छळणाऱ्यांवर उलटणारा गॉथिक सूड आपल्याला हसवतो कसा?

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. नववीत आहे. एका रात्री जेवणं आवरल्यावर तिने 'वेन्सडे' ही मालिका लावली आणि मीही तिच्या शेजारी बसून पहिला भाग पाहिला. सुरुवातीलाच एका अमेरिकन शाळेचा कॉरिडॉर दिसतो. काळ्या कपड्यांतली, दोन वेण्या घातलेली, चेहऱ्यावरची रेषही न हलणारी मुलगी एक लॉकर उघडते. आतून तिचा धाकटा भाऊ बाहेर कोसळतो. त्याला बांधलेलं असतं आणि तोंडात सफरचंद कोंबलेलं असतं. हे कोणी केलं ते तिला कळतं. शाळेच्या वॉटरपोलो संघातली ती मुलं तलावात सराव करत असताना ही शांतपणे काठावर येते आणि दोन पिशव्या पाण्यात रिकाम्या करते. पिशव्यांत पिरान्हा मासे असतात.

भाची खळखळून हसली. मलाही हसू आलं. थोड्या वेळाने तिने रिमोट बाजूला ठेवला आणि विचारलं, "मावशी, त्याला मासे चावले आणि मला हसू आलं. हे वाईट आहे का गं?"

हा प्रश्न तिने उगाच विचारला नव्हता. गेलं वर्षभर तिच्या वर्गातल्या चार मुली तिला 'पाल' म्हणतात. डब्याच्या सुट्टीत ती जवळ आली की चौघी मिळून चुकचुकतात. माझी बहीण शाळेत जाऊन बोलली तेव्हा तिला उत्तर मिळालं, "अहो, मुलं आहेत, मस्करी करतात. एवढं मनाला लावून नका घेऊ."

त्या रात्री मी तिला जे तुटक तुटक सांगितलं ते इथे नीट मांडते आहे. ज्याला सगळ्यांनी विचित्र ठरवलंय, बाजूला टाकलंय, असं एखादं माणूस आपल्याला छळणाऱ्यांचा अंगावर काटा आणणारा सूड घेतं आणि पाहणारा चक्क हसतो. हे कसं घडतं? आणि त्या हसण्याचं करायचं काय?

बेडकांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. तळ्याकाठी मुलं खेळता खेळता पाण्यातल्या बेडकांना दगड मारतात. एक म्हातारा बेडूक डोकं वर काढून म्हणतो, "मुलांनो, तुमचा खेळ होतो, पण आमचा जीव जातो." माझ्या आठवणीतली गोष्ट तिथेच संपते. बेडूक विनवतो, समजावतो. त्याच्या हातात तेवढंच असतं.

१८४९ साली एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाने एक कथा लिहिली. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला तो वारला, म्हणजे ही त्याच्या अगदी शेवटच्या कथांपैकी एक. १७ मार्चला ती बॉस्टनच्या एका साप्ताहिकात छापून आली. कथेचं नाव 'हॉप-फ्रॉग', म्हणजे उड्या मारणारा बेडूक. हा बेडूक विनवत नाही. काळ्या विनोदातला सूड कसा चालतो हे समजून घ्यायचं तर मला याहून चांगली कथा माहीत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

एक राजा आहे. त्याला थट्टामस्करीचं वेड. त्याचे सात मंत्रीही तसेच, सगळे लठ्ठ, तुकतुकीत आणि चेष्टेखोर. राजाला शाब्दिक कोटीपेक्षा अंगावर येणारी चेष्टा जास्त आवडते. त्याच्या पदरी एक विदूषक आहे, ठेंगणा आणि पायांनी अधू. चालताना तो थोडा उडी मारतो, थोडा सरपटतो. म्हणून सात मंत्र्यांनी एकमताने त्याचं नाव हॉप-फ्रॉग ठेवलंय. त्याचं खरं नाव काय होतं ते कथेत कुठेच येत नाही. पायांत जोर नसला तरी हातांत विलक्षण ताकद आहे, दोर किंवा झाड दिसलं की खारीसारखा सरसर चढतो. राजाच्या सेनापतीने त्याला आणि ट्रिपेटा नावाच्या एका ठेंगण्या मुलीला दूर मुलखातून उचलून आणून राजाला नजर केलंय. ट्रिपेटा सुंदर नाचते, दरबारात तिचं वजन आहे आणि ते ती हॉप-फ्रॉगसाठी वापरते. या परक्या दरबारात दोघांना एकमेकांशिवाय कोणी नाही.

एका समारंभासाठी मुखवट्यांचा नाच ठरतो. राजाला आणि मंत्र्यांना सोंग सुचत नाही, म्हणून दोघांना बोलावणं येतं. हॉप-फ्रॉगला दारू सोसत नाही, ती प्यायला की तो वेडापिसा होतो, हे राजाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तो त्याला प्यायला लावतो. त्या दिवशी हॉप-फ्रॉगचा वाढदिवस असतो. "दूरच्या मित्रांच्या नावाने पी," असं राजा म्हणतो आणि हॉप-फ्रॉगच्या डोळ्यांतलं पाणी पेल्यात पडतं. राजा हसतो. दुसरा पेला पुढे येतो तेव्हा ट्रिपेटा गुडघे टेकून गयावया करते. राजा तिला ढकलून देतो आणि भरलेला पेला तिच्या तोंडावर फेकतो.

यानंतरची अर्धा मिनिटाची जागा मला संपूर्ण कथेत सगळ्यात महत्त्वाची वाटते. दरबारात शांतता पसरते, पान पडलं तरी ऐकू येईल इतकी. आणि त्या शांततेत एक कर्कश, खरखरणारा, लांबत जाणारा आवाज येऊ लागतो. तो एकाच वेळी दालनाच्या सगळ्या कोपऱ्यांतून येतोय असं वाटतं. राजा हॉप-फ्रॉगवर ओरडतो, "हा आवाज का करतोयस?" हॉप-फ्रॉग म्हणतो, मी कुठे काय केलं? तेवढ्यात एक दरबारी सुचवतो की बाहेर खिडकीपाशी पोपट आहे, तो पिंजऱ्याच्या तारांवर चोच घासत असेल. सगळ्यांना हे पटतं, राजाचा जीव भांड्यात पडतो. खरं तर हॉप-फ्रॉग दात खात असतो.

मग तो एकदम शांत होतो, हवी तेवढी दारू पितो आणि सोंग सुचवतो: साखळीने बांधलेले आठ ऑरंगुटान. पाहुणे यांना खरी जनावरं समजून घाबरतील, बायका किंचाळतील, केवढी मजा येईल! राजा खूश. आठही जणांना अंगाला घट्ट बसणारे कपडे चढवले जातात, त्यावर डांबर फासलं जातं. कोणीतरी म्हणतं, वर पिसं चिकटवू या. हॉप-फ्रॉग ते खोडून काढतो आणि जवसाचे तंतू चिकटवायला लावतो, कारण त्या जनावराचे केस तसेच दिसतात. ते तंतू किती पटकन पेट घेतात याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. मग आठ जणांना एका साखळीत गुंफलं जातं.

मध्यरात्री सोंग नाचघरात शिरतं. आरडाओरडा होतो, लोक दरवाजांकडे धावतात. पण दरवाजे राजानेच बंद करायला लावलेत आणि किल्ल्या हॉप-फ्रॉगकडे आहेत. झुंबराची साखळी छतातून खाली येते, हॉप-फ्रॉग तिचा आकडा आठ जणांच्या साखळीत अडकवतो आणि साखळी वर ओढली जाते. पाहुण्यांना आता कळलेलं असतं की ही थट्टा आहे, त्यामुळे ते हसू लागतात. हॉप-फ्रॉग मशाल घेऊन त्यांच्या डोक्यांवरून साखळीवर चढतो. "यांना मी ओळखतो बहुतेक, जरा जवळून बघू द्या," असं म्हणत तो मशाल खाली नेतो. पुन्हा तोच खरखरता आवाज येतो, आणि आता तो कुठून येतोय याबद्दल कोणालाच शंका राहत नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत आठही जण पेटतात. हॉप-फ्रॉग वरून सगळ्यांना सांगतो की एका निराधार मुलीवर हात उगारणारा राजा आणि त्याला साथ देणारे सात मंत्री ते हेच, मी फक्त विदूषक आहे आणि हा माझा शेवटचा विनोद. मग तो छताच्या खिडकीतून निघून जातो. छतावर ट्रिपेटा त्याची वाट पाहत असावी, असं लोक मानतात. दोघं पुन्हा कोणाला दिसत नाहीत.

ही कल्पना पूर्णपणे हवेतून आलेली नाही. २८ जानेवारी १३९३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स आणि त्याचे पाच सरदार अंगाला डांबर आणि तंतू चिकटवून रानटी माणसांची सोंगं घेऊन नाचले होते. हे कोण आहेत ते पाहायला राजाच्या भावाने मशाल जवळ नेली आणि सोंगं पेटली. चार जण मेले. राजा वाचला, कारण एका तरुण सरदारपत्नीने आपल्या घेरदार झग्याखाली त्याला झाकून घेतलं. पोच्या कथेचा धागा अभ्यासक या प्रसंगापर्यंत नेतात. इतिहासात तो अपघात होता. पोने मशाल छळ सोसलेल्या माणसाच्या हातात दिली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आठ माणसं जिवंत जळतात, तरी वाचकाच्या ओठांवर एक कडवट हसू येतं. ते येतं कुठून?

आधी छळ म्हणजे नेमकं काय ते पाहायला हवं, कारण सगळा खेळ तिथे आहे. डॅन ओल्वेयस हे मूळचे स्वीडनचे आणि नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ. शाळेतल्या छळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यांनी १९७०च्या दशकात सुरू केला. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबतच्या मुलांनी केलेला छळ असावा असं पुढे आलं, तेव्हा तिथल्या सरकारने देशभर मोहीम काढली. ओल्वेयस यांनी छळाची जी व्याख्या केली ती आजही जगभर वापरली जाते. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते. दोन बरोबरीच्या मुलांचं भांडण म्हणजे छळ नव्हे. एका बाजूला आठ जण आणि राजदंड, दुसऱ्या बाजूला एक अधू विदूषक, हा छळ.

तिसरी गोष्ट नीट लक्षात घेतली की विनोदाची यंत्रणा उलगडते. ताकद विषम असल्यामुळे 'ही मस्करी आहे' हे ठरवण्याचा हक्क बलवान बाजूकडे असतो. राजा म्हणतो मस्करी, म्हणून मस्करी. ज्याच्यावर ती होते त्याला काय वाटतं हे कोणी विचारत नाही, आणि तो रडला तर 'तुला विनोद कळत नाही' असा दोषही त्याच्याच माथी मारला जातो. हॉप-फ्रॉग हा हक्कच हिसकावून घेतो. सोंग राजाच्या आवडीचं, दरवाजे राजाच्या हुकमाने बंद, दुसऱ्यांना घाबरवायची हौस राजाची. तो बाहेरून काहीच आणत नाही. राजाचीच मस्करी तो एक पाऊल पुढे नेतो आणि तिची कुस्करी होते. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात खणणारा पडला की आपल्याला आतून बरं वाटतं. असं वाटण्यात क्रूरपणा कमी आणि जमाखर्च जुळल्याचं समाधान जास्त असतं.

डॉल्फ झिलमन या अभ्यासकाने १९७०च्या दशकात हेच वेगळ्या बाजूने मांडलं. गोष्ट पाहताना आपण मनात सतत न्यायाधीश होऊन बसलेले असतो. कोण चांगलं, कोण वाईट, कोणाच्या वाट्याला काय यायला हवं, हे ठरवत असतो. ज्याच्याविषयी मनात राग साठलाय त्याची फजिती झाली की आनंद होतो, आणि ती त्याच्या कर्माच्या मापाची वाटली तर तो आनंद मोकळेपणाने घेता येतो. म्हणून कथाकार आधी आपल्याला पेला, अश्रू आणि गुडघे टेकलेली ट्रिपेटा दाखवतो. मशाल नंतर येते. हा क्रम उलटा केला तर तीच कथा निव्वळ भयकथा होईल.

पण राग साठवून भागत नाही. हसू यायला आणखी एक गोष्ट लागते. २०१० मध्ये पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या दोन अमेरिकन संशोधकांनी एक साधी मांडणी केली: काहीतरी मोडतंय, नियमाबाहेर जातंय, आणि त्याच वेळी ते निरुपद्रवीही वाटतंय, अशा दुहेरी अवस्थेत माणूस हसतो. गुदगुल्यांचं तसंच असतं. आपल्या माणसाने केल्या तर हसू येतं, अनोळखी माणसाने केल्या तर अंग चोरलं जातं. काळ्या विनोदाचं सगळं कसब या निरुपद्रवीपणाच्या मात्रेत आहे. पोने ही मात्रा फार थोडी ठेवली, म्हणून त्याची कथा हसू आणता आणता घशात अडकते. एक मात्र त्याने केलं. कथा सांगणारा माणूस दरबारातलाच वाटतो. राजा कसा विनोदप्रिय होता, असं तो खेळकर सुरात सांगत जातो. सूर हलका आणि प्रसंग काळाकुट्ट, या दोन्हींच्या मधल्या फटीतून ते हसू येतं.

मात्रा अचूक साधली ती चार्ल्स ॲडम्स या व्यंगचित्रकाराने. वेन्सडेचं सगळं कुटुंब त्याने जन्माला घातलं. तरुणपणी तो गुन्ह्यांच्या सत्यकथा छापणाऱ्या एका मासिकात नोकरीला होता आणि तिथे त्याचं काम होतं गुन्ह्यांच्या फोटोंतलं रक्त पुसून ते छापण्याजोगे करायचं. १९३८ पासून 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात या विचित्र कुटुंबाची त्याची चित्रं येऊ लागली. तेव्हा त्या माणसांना नावंही नव्हती. १९६४ साली दूरचित्रवाणीवर मालिका आली तेव्हा नावं पडली. मुलीचं नाव आलं एका जुन्या इंग्रजी बालगीतावरून, ज्यात बुधवारी जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला दुःख येतं.

त्याचं १९४६ चं एक चित्र पाहा. नाताळची रात्र, बर्फ पडलेलं. दारात काही लोक नाताळची गाणी म्हणत उभे आहेत. वर गच्चीच्या कठड्याशी हे कुटुंब जमलंय आणि वाफाळणारी भलीमोठी कढई खाली ओतायला कलंडवतंय. चित्र इथे थांबतं. कढईतून थेंबही पडलेला नाही, गाणारे अजून गात आहेत. पुढचं सगळं पाहणाऱ्याच्या डोक्यात घडतं, आणि डोक्यात घडल्यामुळे कोणाला भाजतही नाही. रक्त पुसण्याची नोकरी केलेल्या माणसाला रक्त कुठे दाखवायचं नाही हे बरोबर कळलं होतं. पिरान्हाच्या दृश्यातही तसंच आहे. पाणी लाल होतं, मुलं ओरडत पळतात, पण जखमेजवळ कॅमेरा रेंगाळत नाही.

वेन्सडे आणि हॉप-फ्रॉग यांच्यात एक मोठा फरक आहे आणि भाचीला तो मी सांगायच्या आधीच दिसला होता. हॉप-फ्रॉग दुखावलेला आहे. वेन्सडे दुखावलेली नाही. तिला त्या मुलांच्या घोळक्यात शिरायचंच नसतं. छळणाऱ्याचं सगळ्यात मोठं हत्यार 'आम्ही तुला आमच्यात घेणार नाही' हे असतं, आणि जिला आत यायचंच नाही तिच्यापुढे ते हत्यार गळून पडतं. घरी तिचे आईवडील तिच्यासारखेच आहेत, तिच्यावर जीव टाकणारे. शिवाय ती सूड स्वतःसाठी घेत नाही, भावासाठी घेते. म्हणून तिचा सूड पाहताना मनावर ओझं येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर ही मालिका आली आणि पहिल्याच आठवड्यात जगभरात मिळून ३४ कोटी तासांहून जास्त पाहिली गेली. एवढ्या सगळ्यांनी ती पाहण्यामागे कारणं अनेक असतील. पण शाळेत कधीतरी भिंतीला टेकून एकटं उभं राहिलेल्या कोणालाही त्या मुलीचा न हलणारा चेहरा म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागलं नसेल.

'गॉथिक' हा शब्द आत्तापर्यंत मी नुसताच वापरला. त्याची जन्मकथा इथे सांगायलाच हवी, कारण हा शब्दही मुळात चिडवण्यासाठी वापरलेला आहे. गॉथ ही रोमन साम्राज्यावर चालून गेलेली जर्मन टोळी. पुढे हजारेक वर्षांनी इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या मंडळींनी मध्ययुगातल्या उंच, टोकदार कमानींच्या इमारतींना नाकं मुरडत 'गॉथ लोकांची' म्हणजे रानटी म्हटलं. त्या इमारतींचा गॉथ लोकांशी काही संबंध नव्हता. नाव मात्र चिकटलं आणि काही शतकांनी अभिमानाचं झालं. मुंबईचं सीएसएमटी, उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर याच शैलीतले आहेत, आणि युनेस्कोने सीएसएमटीला २००४ मध्ये, तर उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवरसह मुंबईच्या इतर व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला. सीएसएमटीच्या भिंतींतून बाहेर डोकावणारे दगडी प्राणी कधी मान वर करून पाहा. १७६४ साली होरेस वॉलपोल याने अशाच एका जुन्या किल्ल्यात घडणारी कादंबरी लिहिली, तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर 'गॉथिक कथा' असं छापलं, आणि अंधारे वाडे, बंद दालनं, साखळ्या आणि शाप यांच्या साहित्याला नाव मिळालं. १९७०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये काळे कपडे, काळं काजळ आणि उदास संगीत आवडणारी तरुण मंडळी पुढे आली, त्यांना गॉथ म्हणू लागले. म्हणजे एका टोळीचं नाव शिवी झालं, शिवीचं शैलीचं नाव झालं, आणि शेवटी ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांनी ते आपण होऊन घेतलं.

या तरुण मंडळींचं खऱ्या आयुष्यात काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ११ ऑगस्ट २००७ च्या पहाटे इंग्लंडमध्ये लँकेशायरमधल्या बेकप गावच्या बागेत सोफी लँकेस्टर आणि तिच्या मित्रावर मुलांच्या एका टोळक्याने हल्ला केला. दोघं गॉथ पेहरावात होते, याखेरीज कारण नव्हतं. मुलांनी आधी त्याला मारलं. सोफी त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला वाचवायला बसली, तेव्हा तिला मारलं. तो वाचला. ती २४ ऑगस्टला गेली. २० वर्षांची होती. तिच्या आईने तिच्या नावाने संस्था काढली, शाळाशाळांतून जाऊन मुलांशी बोलायला सुरुवात केली, आणि २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा वेगळ्या पेहरावाच्या लोकांवरचे हल्ले द्वेषातून झालेले गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली. इथे पिरान्हा नव्हते, मशाल नव्हती. एक आई होती आणि तिची वर्षानुवर्षांची पायपीट.

मग सूडाचं काय? तो खरोखर घेतला तर बरं वाटतं का? २००८ मध्ये केविन कार्लस्मिथ, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट या तिघांनी एका प्रयोगात लोकांना संगणकावर पैशांचा खेळ खेळायला लावला. सगळ्यांनी मिळून पैसे गुंतवायचे, पण एक जण आयत्या वेळी बाकीच्यांना फसवतो. काहींना त्या फसवणाऱ्याला शिक्षा करायची संधी दिली, काहींना दिली नाही. लोकांचा अंदाज होता की शिक्षा केल्यावर मन हलकं होईल. झालं उलटं. शिक्षा केलेल्यांचा मूड न केलेल्यांपेक्षा वाईट निघाला, आणि त्यांच्या डोक्यात तो माणूस जास्त वेळ घोळत राहिला. ज्यांना काही करता आलं नाही त्यांनी विषय मनातून काढून टाकला होता.

जर्मनीतले मारियो गॉलवित्झर आणि त्यांचे सहकारी यांनी याला आणखी एक पदर जोडला. समोरच्याला नुसतं सोसावं लागलं, एवढ्याने सूड घेणाऱ्याचं समाधान होत नाही. हे आपल्या वाट्याला का आलं हे समोरच्याला कळलं, आपण चुकलो हे त्याने मान्य केलं, तरच काहीसं समाधान मिळतं. हॉप-फ्रॉग निघून जाण्याआधी साखळीवर लटकत भाषण का करतो, ते मला हे वाचल्यावर उमगलं. आग लावून तो गुपचूप पसार होऊ शकला असता. त्याला सगळ्या दरबारासमोर सांगायचं होतं की तो आवाज पोपटाचा नव्हता.

माझ्या मते या सगळ्या कथांचा जीव त्या पोपटापाशी आहे. छळ होणाऱ्या माणसाचे दात खाल्ल्याचे आवाज सगळ्यांना ऐकू येत असतात. पण दालनात कोणी ना कोणी असतंच, जे खिडकीकडे बोट दाखवतं. 'मुलं आहेत, मस्करी करतात,' हे वाक्य म्हणजे तोच पोपट. काळा विनोदी सूड वाचताना आपण हसतो ते राजा जळल्यामुळे कमी, आणि तो आवाज कोणाचा होता ते अखेर भर दरबारात सांगितलं गेलं म्हणून जास्त. त्यामुळेच भाचीला मी सांगितलं की तुझ्या हसण्यात वाईट काही नाही. तू माशांच्या बाजूने हसली नाहीस, लॉकरमधून बाहेर पडलेल्या मुलाच्या बाजूने हसलीस.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने त्या चार मुलींबद्दल पहिल्यांदाच सगळं सांगितलं, कधी, कुठे, कोण काय म्हणालं. मी वही घेतली आणि जेवढ्या तारखा तिला आठवल्या तेवढ्या लिहून काढल्या. एकोणीस निघाल्या. सुट्टी संपल्यावर माझी बहीण ती वही घेऊन शाळेत गेली. 'मस्करी' हा शब्द एका घटनेवर बसू शकतो, एकोणीसवर बसवायला जड जातो. मुख्याध्यापकांनी या वेळी वही ठेवून घेतली आणि चारही मुलींच्या पालकांना बोलावलं. पुढे काय होतंय ते पाहतो आहोत.

भाचीने मात्र गेल्या आठवड्यात मला फोनवर एका कथेचं पहिलं पान वाचून दाखवलं. एक जुनी दगडी शाळा आहे. नववीच्या वर्गात फळ्याच्या वर एक पाल राहते, शंभर वर्षांपासून. आपल्याकडे म्हणतात ना, कोणी बोलताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं होतं. तर ही पाल कधीच चुकचुकत नाही. एके दिवशी डब्याच्या सुट्टीत चार मुली तिच्या खाली उभ्या राहून कोणाविषयी तरी काहीबाही बोलतात, "तिचं ना असं होऊ दे, तसं होऊ दे." पाल मान तिरपी करून सगळं ऐकून घेते. मग त्यातली एक सहज म्हणते, "आमच्या जिभा झडतील बाई एवढं बोलून."

आणि पाल चुकचुकते.

पुढचं पान वाचून दाखवायला ती अजून तयार नाही.